जुनी झेन घाटात दम सोडते. प्लग, वायरी, कॉइल, फिल्टर सगळं बदलून झालं. आता काय?

झेनवाला_सातारकर (शनिवार, रात्री ९:१४)

मंडळी, वैतागून धागा काढतोय.

गाडी मारुती झेन, २००४ ची, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणारी), पेट्रोल. १ लाख ३१ हजार किमी झालेत. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे पुण्यात असते. दर शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की सातारा, आणि रविवारी दुपारी जेवून परत.

पुण्यात काही तक्रार नाही. शिरवळपर्यंत सत्तर-ऐंशीला मस्त जाते. खंबाटकी घाट लागला की नाटक सुरू. तिसऱ्यात टाकून पाय दाबला की आधी एक गचका, मग मागून कोणीतरी बंपर धरून ठेवल्यासारखं. गंमत म्हणजे जास्त दाबलं की जास्तच मरते, पाय अर्धा उचलला की जरा धावते. गेल्या शुक्रवारी तर पहिल्यात चढवली, मागे एसटीवाला हॉर्न वाजवत होता. खामजाईच्या देवळापाशी दहा-पंधरा मिनिटं बंद करून उभी केली, मग गुमान वर गेली.

आतापर्यंत चार प्लग, प्लगच्या वायरी, इग्निशन कॉइल, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर बदलले आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. एकूण ९,४०० रुपये. फरक शून्य. आता मेकॅनिक म्हणतो फ्युएल पंप टाकू, नाही जमलं तर 'हाफ इंजिन करावं लागंल' (म्हणजे इंजिन उघडून मोठं काम). चेक इंजिनचा दिवा लागत नाही. मायलेज १५ च्या आसपास, पूर्वीसारखंच.

बाबांचं वेगळंच. ते म्हणतात आधी मागचा उजवा दिवा मंद झालाय तो बघ, दिवाळीपासून सांगतोय.

---

उनाड_पोपट

एसटीच्या मागे दोरी बांधा. हलकेच घ्या.

---

पक्का_पुणेरी

एवढ्या पैशात नवीन गाडीचे दोन हप्ते गेले असते. वीस वर्षं झाली, सोडा आता तिला. शिवाय २० वर्षांवरच्या गाडीचं पासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) करायला आता १०,००० रुपये फी आहे, हे पण हिशेबात धरा.

---

नीलाताई

@पक्का_पुणेरी, धागाकर्त्याने 'गाडी विकू का' असं विचारलेलं नाही. वडिलांची गाडी आहे.

सातारकर, एक शंका. पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी मात्र तिथेच राहते, असं होतं का? तसं असेल तर इंजिन ठणठणीत आहे, क्लच प्लेट घसरतेय. माझ्या आल्टोच्या वेळी मी सहा महिने 'पिकअप गेलं, पिकअप गेलं' करत होते. घाटात जळका वास आला तेव्हा कळलं. आरपीएमचा काटा नसला तरी कानाला कळतं.

आणि घाट उतरून गेल्यावर चाकांना हात लावून बघा. एखादा ब्रेक चिकटत असेल तर ते चाक बाकीच्यांपेक्षा भलतंच तापलेलं असतं. तीही 'ताकद कमी' वाटण्याचीच तऱ्हा.

---

झेनवाला_सातारकर

@नीलाताई, नाही. आवाजही बसतो. घोगरा होतो. वास नाही. चाकं बघतो.

---

गॅरेजभाऊ_सांगली

भावा, मी स्वतः गॅरेजवाला, म्हणून आमच्याच जातभाईला बोलतो. ९,४०० गेले पण एक तरी गोष्ट कुणी मोजली का? प्लग काढून त्याचा रंग तरी दाखवला का तुला?

'जास्त दाबलं की जास्त मरते, पाय उचलला की धावते' हे तू लिहिलंस त्यात निम्मं उत्तर आहे. थ्रॉटल उघडला की हवा भसकन आत जाते. त्या हवेच्या मापात पेट्रोल मिळालं नाही की मिक्श्चर पातळ होतं, गाडी गचका खाते. पाय उचलला की हवा कमी, मग आहे तेवढं पेट्रोल पुरतं. सपाटीला सत्तरने जाताना इंजिनाला पेट्रोल लागतं किती? थोडंच. घाटात खरी भूक लागते.

तेव्हा दोन संशयित. एक, पेट्रोल पुढं येत नाही. दोन, सायलेन्सरच्या वाटेतलं कॅटॅलिटिक (धूर स्वच्छ करणारी जाळी) चोंदलंय, धूर बाहेर पडत नाही म्हणून ताजी हवा आत शिरत नाही. दुसऱ्यात मात्र पाय उचलल्यावर एवढा फरक सहसा पडत नाही.

हाफ इंजिनचं नाव काढणाऱ्याला आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) मोजायला सांग. गेजला दहा मिनिटं लागतात. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ आले तर इंजिन उघडायचं कामच नाही. आणि इंजिन दमलेलं असलं तर ते शिरवळलाही दमलेलंच असतंय, देवळापाशी चहा पिऊन तरुण होत नाही.

---

उनाड_पोपट

'चहा पिऊन तरुण होत नाही' 😂 हे आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर फ्रेम करून लावतो.

---

कोकणकन्या_चिपळूण

टायमिंग बेल्ट एक दात सरकला असेल का? आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीला कुंभार्ली घाटात असंच व्हायचं.

---

गॅरेजभाऊ_सांगली

@कोकणकन्या, बेल्ट सरकला तर ताकद कायमची जाते, सकाळी-संध्याकाळी, घाटात-पेठेत सारखीच. येणारा-जाणारा आजार नाही तो. पण १ लाख ३१ हजारावर बेल्ट कधी बदललाय ते विचारायला हवंच. सातारकर, कधी?

---

झेनवाला_सातारकर

९८ हजारावर. बाबांची वही आहे. पेट्रोलची प्रत्येक पावती चिकटवलेली.

---

जुना_सारथी

धागा वाचून जुने दिवस आठवले. मुंबई-पुणे जुन्या रस्त्याने, एक्सप्रेसवेच्या आधी, बोरघाटात मे महिन्यात कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्यांची रांगच असायची. आमच्या वडिलांकडे फियाट. त्या काळच्या गाड्यांचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनालाच चिकटलेला. घाटात इंजिन तापलं की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची. पंप वाफ ओढणार कशी? गाडी गचके देऊन बंद. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. आमची आई प्रवासाला निघताना दोन पंचे घ्यायची, एक वडिलांना आणि एक पंपाला. पंपाचा नेहमी जास्त ओला.

तुमच्याही गाडीला थांबवल्यावर बरं वाटतं म्हणताय, तर वाफेचाच प्रकार नसेल?

---

ओहायोकर

@जुना_सारथी काका, सुंदर आठवण. पण एमपीएफआयमध्ये पंप टाकीत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, आणि पूर्ण लाइन दाबाखाली असते. दाब असला की उकळबिंदू वर जातो. शिवाय जास्तीचं पेट्रोल रिटर्न लाइनने टाकीत फिरत राहतं, एका जागी तापत बसत नाही. वाफेची शक्यता फार कमी.

इकडे अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायची ठरावीक सोय) आहे, स्कॅनर लावून चालवता चालवता सगळे आकडे दिसतात. तुमच्या २००४ च्या गाडीला कोपऱ्यावरचा साधा स्कॅनर बोलेलच असं नाही. थ्रॉटल पोझिशन सेन्सर मात्र मल्टीमीटरनेही तपासता येतो. पेडल सावकाश दाबत नेलं की व्होल्टेज एक व्होल्टच्या आतून चारच्या वर सरळ चढत जायला हवं. मध्ये कुठे काटा पडला, तर तिथे ईसीयूला (गाडीच्या कॉम्प्युटरला) वाटतं पाय उचलला, आणि गाडी गचका खाते.

---

पक्का_पुणेरी

एवढं सगळं इथे चाललंय आणि इथेनॉलचं नाव कोणीच काढत नाही? आता पंपावर मिळतं ते २० टक्के मिसळलेलं. २००४ च्या गाडीने ते कसं पचवायचं?

---

नीलाताई

आला विषय! मी वाटच बघत होते.

---

ओहायोकर

इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश. म्हणजे २० टक्के मिश्रणात लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी घटते. मायलेजला फटका बसेल. पण पहिल्या गियरमध्ये घाट चढावा लागेल एवढी ताकद त्याने जात नाही, आणि गेली तर सकाळीही जायला हवी.

---

गॅरेजभाऊ_सांगली

इथेनॉलनं जुन्या रबरी नळ्या फुगतात, तडकतात, हे मी रोज बघतो. टाकीतला वर्षानुवर्षांचा चिखल सुटून जाळीत येतो, हेही. तेव्हा @पक्का_पुणेरी अगदीच चूक नाहीत. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल ते धरून ठेवतं, आणि प्रमाणाबाहेर झालं की दोन्ही मिळून तळाला बसतात. फिल्टर बदलला तेव्हा जुन्यातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून बघायला हवं होतं. तळाशी वेगळा थर दिसला असता, कचराही.

आता मुद्द्यावर. फ्युएल प्रेशर गेज लावा. पंपाचा निकाल त्याशिवाय लागत नाही.

---

नीलाताई

पीयूसीचा कागदही बघा की. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) कमी आणि एचसी (हायड्रोकार्बन) जास्त म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर जातंय, कुठेतरी मिसिंग. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. ९,४०० च्या आधी शे-दीडशे रुपयांची तपासणी.

---

गॅरेजभाऊ_सांगली

@नीलाताई, युक्ती चांगली, पण पीयूसी उभ्या गाडीवर होते. याची गाडी उभी असताना आजारीच नाही.

---

नीलाताई

हो, ते राहिलंच. मागे घेते.

---

झेनवाला_सातारकर (पुढचा शनिवार)

ताजी खबर. दुसऱ्या गॅरेजात गेलो, त्यांच्याकडे गेज होतं.

कॉम्प्रेशन: चारही १६५ ते १७५ पीएसआयमध्ये. इंजिन चांगलं आहे म्हणाले. (बाबांना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.)
थ्रॉटल सेन्सर: व्होल्टेज सरळ चढतं.
फ्युएल प्रेशर: आयडलला २.४ बार. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या रेग्युलेटरची व्हॅक्युमची नळी काढली की २.९. त्यांच्या मते झकास. 'पंप ओके आहे, कॅटॅलिटिक चोंदलंय, काढून टाकतो' म्हणाले.

काढू का?

---

गॅरेजभाऊ_सांगली

नको!! काढून टाकणं बेकायदा आहे ते आहेच, पण आधी ते चोंदलंय हे सिद्ध तर होऊ दे. व्हॅक्युम गेज लावून इंजिन २,५०० आरपीएमला धरून ठेव. चोंदलेलं असेल तर काटा एका जागी राहत नाही, हळूहळू खाली सरकत जातो.

आणि प्रेशर उभ्या गाडीवर मोजून काय उपयोग? आजार घाटात, तपासणी गॅरेजात. रेग्युलेटरची गंमत अशी की घाटात पाय दाबला की मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतलं) व्हॅक्युम पडतं, म्हणजे प्रेशर वाढून २.९ च्या जवळ जायला पाहिजे. तिथं ते उतरत असेल तर चोर सापडला.

---

ओहायोकर

+१. गेज लांब नळीला लावून बाहेरून काचेवर वायपरखाली टेपने चिकटवायचं आणि चालवायचं. पण नळी कोणत्याही परिस्थितीत गाडीच्या आत आणू नका. दाबाखालचं पेट्रोल आहे. अग्निशामक जवळ ठेवा, आणि चालवणारा एक, बघणारा दुसरा.

---

उनाड_पोपट

बघणारे म्हणून बाबांना घ्या. वहीसकट.

---

मीटर_मास्तर

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड शिकवायचो, आता निवृत्त. गाड्यांतलं मला फार कळत नाही, म्हणून इतके दिवस नुसता वाचत होतो. पण धागाकर्त्याच्या पहिल्या पोस्टची शेवटची ओळ मला स्वस्थ बसू देईना. ती तुम्ही सगळ्यांनी ओलांडून टाकली.

वडील म्हणताहेत मागचा उजवा दिवा मंद आहे. कधीपासून? दिवाळीपासून. गाडी घाटात कधीपासून दम सोडते? तारीख कळेल का?

बल्ब एक तर जातो किंवा राहतो. तो मंद झाला, म्हणजे त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही. बहुतेक वेळा अर्थिंग खराब. आता एक करा. रात्री दिवे लावा, कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा आणि मागे उभे राहा. ब्रेक दाबल्यावर मागचा दिवा आणखी मंद झाला, किंवा इंडिकेटर उगाच मिणमिणला, तर तिकडचा करंट जायला नीट वाट नाही, तो दुसऱ्या दिव्यांतून वाट काढतोय.

टाकीही मागे, पंपही मागे. पंपाची अर्थ वायर कुठे बोल्ट केलीय, ते जाणकारांनी सांगावं.

दुसरं. धागाकर्ते शुक्रवारी संध्याकाळी घाट चढतात. हेडलाइट लावून, म्हणजे मागचे दिवेही चालू.

---

गॅरेजभाऊ_सांगली

मास्तर, पाया पडतो. 🙏

गाडीगणिक जागा बदलते, पण मागच्या वायरिंगचा अर्थ पॉइंट सहसा डिकीत किंवा मागच्या सीटच्या आसपास बॉडीलाच असतो. पंप आणि दिवे एकाच पॉइंटवर, हे खूप ठिकाणी बघितलंय.

---

झेनवाला_सातारकर

अंगावर काटा आला. दिवाळीत गाडीला रिव्हर्स सेन्सर बसवले होते. आणि पहिला त्रास... वही बघतो.

---

झेनवाला_सातारकर (रविवार, रात्री ११:४०)

बाबांच्या वहीत: '१९ नोव्हें. खंबाटकीत गाडी ओढेना.' सेन्सर बसवले ८ नोव्हेंबरला.

आज आम्ही दोघांनी डिकी उघडली. कार्पेट ओलं. दिव्याच्या रबरातून पाणी येतंय. कार्पेटखाली अर्थचा बोल्ट. सेन्सरवाल्याने आपली वायर त्यात घुसवताना बोल्ट काढला होता आणि परत लावताना मधे लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) अर्धा रंगावर बसवला होता. वर हिरवट बुरशी. बोटाने फिरवला तर फिरला!

मल्टीमीटर शेजारच्या काकांकडून आणला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. पंपाच्या कनेक्टरवर दिवे बंद असताना १०.८. दिवे लावले, ९.८. अर्थचा बोल्ट आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्येच ३.४ व्होल्ट गायब.

मास्तरांनी सांगितलेला प्रयोगही केला. ब्रेक दाबला की उजवा इंडिकेटर मिणमिणतो. बाबा शेजारी उभे राहून काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

---

मीटर_मास्तर

अगदी हेच. त्या सांध्याचा रोध साधारण अर्धा ओहम धरा. ऐकायला काही नाही, पण पाच-सहा अँपिअर त्यातून गेले की अडीच-तीन व्होल्ट तिथेच खर्च, आणि त्याची उष्णता सांध्यातच. सांधा तापला की रोध आणखी वाढतो. देवळापाशी दहा मिनिटं उभी केलीत तेव्हा इंजिन नव्हे, तो बोल्ट थंड होत होता.

पॉलिश पेपरने खालचा रंग पूर्ण काढा, पत्रा चकचकीत दिसला पाहिजे. नवीन लग, दातेरी वॉशर, घट्ट आवळा, वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन आणि मग बोल्ट नको. आणि बॅटरीचं टर्मिनल काढून मगच हात घाला, टाकीजवळ ठिणगी नको.

---

कोकणकन्या_चिपळूण

दिव्याचं रबर पण बदला हो, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हाच धागा वर येईल.

---

पक्का_पुणेरी

म्हणजे इथेनॉल नव्हतं.

---

नीलाताई

@पक्का_पुणेरी, नव्हतं. 😌

---

झेनवाला_सातारकर (त्यानंतरचा शुक्रवार, रात्री १०:०५, सातारा)

पोचलो. लग १५ रुपये, पॉलिश पेपर १० रुपये, दिव्याचं रबर ९० रुपये. आता पंपावर १३.१ व्होल्ट, अर्थला ०.१.

गेज काचेवर लावून आलो, मित्र शेजारी बसला होता. खंबाटकी, हेडलाइट लावून, तिसऱ्यात. काटा २.८ वरून हलला नाही. एसटीला मागे टाकलं. (@उनाड_पोपट, दोरी परत करतोय.)

काढलेला कॉइल आणि वायरी मेकॅनिककडून मागून घेतल्या. चांगल्याच होत्या, डिकीत ठेवल्यात. कार्पेट वाळल्यावर.

बाबांनी वहीत काय लिहिलंय ते बघितलं. 'उजवा मागचा दिवा दुरुस्त.' बस्स. घाटाचा उल्लेख नाही.

---

जुना_सारथी

वडिलांना नमस्कार सांगा.

---

मोटू_नाशिक

माझ्या २००६ च्या सँट्रोला पण कसारा घाटात असंच होतं. बोल्ट कुठे असतो?

---

गॅरेजभाऊ_सांगली

@मोटू_नाशिक, आधी सांग, मागचे दिवे कसे आहेत? आणि नवीन धागा काढ भावा, हा भरला.